रोझेनबोर्गच्या तळघरातला हत्ती

लेक कोपनहेगनला असते. "बाबा, राजाचे दागिने बघायचेत ना?" म्हणत रोझेनबोर्ग किल्ल्यावर घेऊन गेली. चाळीस वर्षं कोल्हापुरात, गुजरीत म्हणजे सराफांच्या पेठेत बसून मीनाकाम केलं मी, धातूवर रंगीत काच वितळवून बसवायचं काम. त्यामुळं वरची दालनं भराभर आटोपली आणि तळघरातल्या खजिन्यात उतरलो. लोक मुकुट बघत होते. मी अडकलो हत्तीपाशी.

डेन्मार्कचा सगळ्यात मोठा राजसन्मान म्हणजे हा हत्ती. पाचव्या ख्रिश्चन राजानं 1693 साली त्याचे नियम घालून दिले. चपटं पदक नव्हे. चारी अंगांनी घडवलेला, मुठीत मावेल एवढा सोन्याचा हत्ती. वर पांढरा मीना, निळी झूल, पुढं रंगीत कपड्यांतला माहूत. अंबारीच्या जागी मात्र चक्क दगडी बुरूज! एवढं ओझं घेऊन हत्ती चालायचा कसा, असो.

सपाट पत्र्यावर खोदून मीना भरणं त्यामानानं सोपं, भट्टीत तो जागा सोडत नाही. गोल अंगावरून ओघळतो. सोनं खरवडून खडबडीत करायचं, पातळ थर द्यायचा, भट्टी दाखवायची, परत थर. त्यात पांढरा रंग महाखोडसाळ, कणभर कचरा पडला तरी डाग दिसणार. सोंडेच्या वळणाला कुठं चीर सापडते का बघत बसलो. नाही सापडली.

एका कुशीवर सपाट पैलूच्या पाच हिऱ्यांचा क्रूस. दुसऱ्या कुशीवर ज्या राजाच्या कारकिर्दीत हत्ती घडला त्याची मुकुटासकट आद्याक्षरं. म्हणजे आमच्या भाषेत शिक्काच की!

मानकरी वारला की हत्ती परत करायचा. आमच्याकडं दागिना परत आला की मोड, म्हणजे वितळवायचा. इथं ना वजनात घट, ना आटणी.

बहुतेक मानकरी राजघराण्यातले नाहीतर राष्ट्रप्रमुख. शास्त्रज्ञ नील्स बोर यांना मात्र 1947 साली मिळाला. कर्तबगारीसाठी दानेब्रोगचा सन्मान वेगळा, 1671 पासूनचा. लाल काठाचा पांढरा क्रूस. काम नेटकं, पण सपाट. हत्तीनंतर त्यात मन रमेना.

लेक वर चांदीचे तीन सिंह दाखवायला ओढत होती. तेही बघा, भारी आहेत. पण तळघरात जाताना भिंग खिशात टाका. माझं गुजरीतच राहिलं.