कोंढाणे लेणी ते राजमाची ट्रेक: वाटेला पाच स्टार, घाईघाईत नेणाऱ्या ग्रुपला दोन

मुंबईहून एका दिवसात होणाऱ्या ट्रेकमध्ये कर्जतकडून राजमाची हा माझ्या मते सगळ्यात भारी ट्रेक आहे, कारण एकाच वाटेवर दोन हजार वर्षं जुनी बौद्ध लेणी, मग घनदाट रान आणि वर एकाच्या जागी दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. पण बहुतेक लोक लेण्यांसमोर सेल्फी काढून पुढे पळतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावेळी आम्ही मुंबईतल्या एका वीकेंड ट्रेक ग्रुपबरोबर गेलो. बुकिंग सोपं, लीडर पोरं चांगली, चढताना हात द्यायला एक पुढे एक मागे कायम होता, ओढा पार करताना सगळ्यांना दोर धरून नीट नेलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे. बॅच एवढी मोठी की प्रत्येक ठिकाणी मोजणी करण्यातच वेळ गेला आणि त्याची भरपाई कुठे केली तर लेण्यांमध्ये, दहा मिनिटं फोटो काढा आणि चला. अहो, ज्यासाठी माणसानं पायथ्याच्या कोंदिवडे गावापासून तासभर घाम गाळला ते हेच ना!

कोंढाण्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, नीट बघायला निदान पाऊण तास पाहिजे. दर्शनी भागावरची कमान, सज्जे, जाळ्या सगळं दगडात कोरलंय पण लाकूडकामासारखं, म्हणजे त्या काळी लाकडी इमारती कशा बांधायचे ते इथं कातळात बघायला मिळतं. आतला स्तूप झिजलाय, बरेच खांब खालून तुटलेत, तरी आत उभं राहिलं की मूळची उंची जाणवते. बाहेर डाव्या हाताला एका मोठ्या मूर्तीचा फक्त भग्न चेहरा उरलाय आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. एवढ्या जुन्या कामावर कारागिराचं नाव सापडणं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या बॅचमधल्या जवळजवळ कुणालाच ती ओळ दाखवली नाही. शेजारच्या विहारातल्या भिक्खूंच्या खोल्याही तशाच राहिल्या. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून लेण्यांसमोर धबधबा पडतो, गर्दी सगळी त्याच्याखाली, आणि कुणीतरी स्पीकर लावलेलाच असतो. प्लीज नका लावू.

लेण्यांनंतर खरी चढण. वाट मळलेली आहे पण पावसात घसरडी होते, बुटाचा सोल गुळगुळीत असेल तर जाऊच नका. दीड-दोन तासांत बालेकिल्ल्यांच्या पायथ्याचं गाव, उधेवाडी लागते. तिथं एका घरी जेवलो, पिठलं, तांदळाची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, वर गरम भात आणि ताईंचा आग्रह, अजून एक भाकरी घ्याच. या जेवणाला मी डोळे झाकून पाच स्टार देईन, पैसेही अगदी वाजवी. गावातल्या लोकांचा संसार बराचसा या ट्रेकर्सवर चालतो त्यामुळे डबा घरून न आणता तिथंच जेवा, फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगा.

गावातून पुढे भैरवनाथाच्या देवळापाशी आलात की एका बाजूला मनरंजन, दुसऱ्या बाजूला श्रीवर्धन. एकच करायचा असेल तर श्रीवर्धन, तो जास्त उंच, ९०० मीटरच्या थोडा वर, आणि तिथला दुहेरी तटाचा चिलखती बुरुज चुकवू नका. ढग नसतील तर ढाकचा डोंगर, नागफणीचा सुळका आणि खाली उल्हास नदीचं खोरं दिसतं. बोरघाटातल्या जुन्या व्यापारी वाटेवर लक्ष ठेवायला हा किल्ला होता हे वर गेल्यावर आपोआप कळतं. १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

माझा सल्ला विचाराल तर चार-पाच जण मिळून स्वतःच जा. पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, स्टेशनबाहेर कोंदिवड्यासाठी रिक्षा नाहीतर टमटम मिळते, भाडं आधी ठरवा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते बघून घ्या. रानात वाटेला फाटे फुटतात म्हणून कोंदिवड्यातूनच गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या, तुमचे पैसे थेट गावात जातील आणि लेण्यांत कितीही वेळ थांबलात तरी शिट्टी वाजवून कुणी बोलावणार नाही. परत त्याच वाटेनं उतरायचं असेल तर तीनच्या आत उधेवाडी सोडा. उशीर झाला तर लोणावळ्याकडची वाट लांब आहे, पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण बरीचशी सपाट, आणि गावात जीप मिळतेय का तेही विचारा. जोरदार पावसाचा इशारा असेल तेव्हा मात्र बेत रद्द करा, सप्टेंबरअखेर गेलात तर हिरवळही असते आणि ओढेही बेतात असतात.