आखडलेल्या बोटांनी उघडता येणारं ब्लश

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं नीट वळत नाहीत आणि साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा आईकडून उघडून घ्यावं लागतं. त्यामुळे रेअर ब्युटी या मेकअप कंपनीच्या ‘सॉफ्ट पिंच’ लिक्विड ब्लशबद्दल, म्हणजे गालांवर लावायच्या द्रवरूप रंगाबद्दल, लिहिताना रंगाआधी मी झाकणाबद्दल सांगणार. झाकण मॅट आहे, बोटांतून निसटत नाही, आणि जोर न लावता जरासं फिरवलं की सुटतं. कुणाला हाक मारावी लागत नाही. ज्यांचे सांधे दुखतात त्यांना एवढ्यावरूनच कळेल मी इतकी का खूश आहे.

ही कंपनी अमेरिकन गायिका-अभिनेत्री सेलेना गोमेझची. तिलाही ल्युपस आहे, हे तिने 2015 मध्ये जाहीर केलं. हातांच्या संधिवातामुळे पाण्याची बाटली उघडणंही कधी कधी जड जातं, हेही तिनेच सांगितलंय, आणि बाटल्या-झाकणं ठरवताना हा त्रास डोळ्यांसमोर होता.

माझ्या वयाच्या मुलींनी तिला डिस्ने चॅनेलवर जादूगार कुटुंबातली अलेक्स म्हणून पाहिलं, 2007 ते 2012. त्याआधी दहा वर्षांची असताना ती जांभळ्या डायनोसॉरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात होती. म्हणजे शाळकरी वयापासून कॅमेऱ्यासमोर. 2009 मध्ये, सतराव्या वर्षी, युनिसेफने तिला सदिच्छादूत केलं आणि त्याच वर्षी ती घानाला जाऊन आली. पुढे ल्युपसने मूत्रपिंडं निकामी केली. 2017 मध्ये तिची अभिनेत्री मैत्रीण फ्रान्सिया रायसा हिने तिला आपली एक किडनी दिली. (आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्याबाहेरच्या दात्याला प्राधिकार समितीची परवानगी लागते. मैत्रिणीने किडनी द्यायची म्हटली तरी त्या समितीसमोर जावं लागतं.) मूत्रपिंडं बिघडत नाहीत ना हे बघण्यासाठी ल्युपसच्या रुग्णाला लघवीतल्या प्रथिनांची तपासणी डॉक्टर पुन्हा पुन्हा का करायला लावतात, हे माझ्या मावशीला सेलेनाचीच गोष्ट सांगून पटलं.

2020 च्या एप्रिलमध्ये आपल्याला बायपोलर (मन कधी खूप उत्तेजित, तर कधी खूप उदास होतं तो मानसिक आजार) असल्याचं ती उघडपणे बोलली आणि त्याच सप्टेंबरमध्ये ही कंपनी बाजारात आली. सगळ्या विक्रीतला 1 टक्का ‘रेअर इम्पॅक्ट फंड’मध्ये जातो, आणि दहा वर्षांत 10 कोटी डॉलर उभे करून तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी वापरायचे, असं ठरलंय. टक्का एकच आहे, खरंय. पण तो विक्रीवर आहे, नफ्यावर नाही, त्यामुळे एखादं वर्ष तोट्याचं गेलं तरी पैसे बाजूला काढावेच लागतात. मला हे पटतं. शिवाय ज्या आजाराबद्दल घरात दबक्या आवाजात बोलतात, त्याचं नाव तिने स्वतःच्या नावापुढे लावलंय. ती किंमत टक्क्यांत मोजता येणार नाही.

आता रंग. हे ब्लश फार दाट आहे. एका गालाला एकच ठिपका, तोही छोटा, आणि लगेच बोटाने थोपटत पसरवायचा. ओला स्पंज असेल तर आणखी सोपं. माझा रंग सावळा. मला ‘लव्ह’ ही विटकरी छटा सगळ्यात जास्त खुलते. मॅट असल्यामुळे चेहरा तेलकट दिसत नाही. गोऱ्या रंगाच्या माझ्या वहिनीला ‘होप’ छान दिसते, फिकट जांभळटकडे झुकणारी आणि थोडी चमक असलेली.

ल्युपसवाल्यांसाठी मुद्दाम लिहिते. आपल्या गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखं लाल पुरळ येतं ना, ते नेमकं ब्लशच्याच जागी. मी कित्येक वर्षं ती लाली पावडरखाली लपवत आले. आता पुरळ ओसरलेलं असतं त्या दिवसांत त्याच गालांवर मी हौसेने रंग लावते, आणि आरशात बघताना ही लाली मी निवडलेली आहे याचा आनंद होतो. मात्र पुरळ उठलेलं असताना काहीही लावू नका, आणि एरवीही आधी सनस्क्रीन, ते त्वचेत जिरलं की मगच ब्लश. उन्हाने आपला आजार भडकतो, मेकअपमुळे त्यात सूट मिळत नाही. ल्युपसवरच्या स्टेरॉइडच्या औषधांमुळे चेहरा सुजलेला असेल तर ठिपका गालाच्या हाडावर, जरा वर, कानाच्या दिशेने पसरवा.

किंमत दोन हजारांच्या वर जाते. बाटली साडेसात मिलीची, पण एका ठिपक्यात काम होत असल्याने खूप महिने पुरते. भारतात सेफोरा या मेकअपच्या दुकानांत मिळते. दुकानात गेलात तर हाताच्या पाठीवर छटा लावून थोडा वेळ फिरून या, वाळल्यावर रंग जरा वेगळा दिसतो. आणि झाकण स्वतः उघडून बघा, विक्रेतीला उघडू देऊ नका.