वरच्या दाढेचं दुसऱ्यांदा रूट कॅनाल, या वेळी स्पेशालिस्टकडे: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

हिरडीवरची पुळी तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मान्य केलं की दाढेचं काहीतरी बिनसलंय. वरची, डावीकडची पहिली मोठी दाढ. तिचं रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरण्याचं काम, तीन वर्षांपूर्वी झालं होतं, वर कॅपही बसली होती, त्यामुळे माझ्या लेखी तो विषय संपला होता. दाढ दुखत नव्हती. फक्त कॅपच्या वरच्या बाजूला, हिरडीवर, टाचणीच्या डोक्याएवढी पुळी यायची. दाबली की खारट, घाण चवीचा एक थेंब निघायचा आणि चार दिवसांत जागा पुन्हा साफ. दुखत नाही म्हणून मी सात-आठ महिने काढले. हे चुकलं. दुखत नव्हतं कारण पू साचून न राहता त्या पुळीवाटे बाहेर येत होता. आत हाडाचं नुकसान चालूच होतं.

मधल्या काळात दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स केला. दोन्ही वेळा पुळी गेली, दोन्ही वेळा परत आली. नंतर त्याचं कारण समजलं. रूट कॅनाल झालेल्या दाढेत जिवंत नस नसते, म्हणजे रक्तपुरवठाही नसतो. गोळीचं औषध रक्तातून जातं, ते दाढेच्या पोकळीत पोचणार कुठून? बाहेरची सूज उतरते, जंतूंचं घर शाबूत राहतं. चेहऱ्यावर सूज पसरली, ताप आला, तर औषध हवंच, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट हॉस्पिटल गाठायचं. पण अँटिबायोटिक घेऊन दाढ बरी होईल ही आशा मी सोडली, तुम्हीही सोडा.

तर स्पेशालिस्ट. एंडोडोंटिस्ट म्हणजे दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर आणखी दोन-तीन वर्षं याच विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. मी टाळत होते ते सरळ खर्चासाठी. एकदा पैसे मोजून झालेलं काम पुन्हा पैसे मोजून करायचं, तेही पहिल्यापेक्षा जास्त, हे मनाला पटत नव्हतं. दाढ काढून टाकण्याचाही विचार केला होता. मग हिशेब केला: काढली तर तिथे इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात) लागणार, ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात तासावे लागणार. स्वतःची दाढ वाचवणं त्यापुढे स्वस्तच पडत होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी दाढेला हातही लावला नाही. टिचकी मारून पाहिली, हिरडीची खोली मोजली, साधा एक्स-रे काढला आणि मग थ्री-डी स्कॅन करून आणायला सांगितलं. स्कॅन म्हटल्यावर मला आधी राग आला, आणखी एक खर्च. पण स्क्रीनवर त्यांनी मुळाचा आडवा छेद दाखवला. गालाकडच्या पुढच्या मुळात भरलेलं साहित्य मुळाच्या मध्यावर नव्हतं, एका कडेला सरकलेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "भरणी मध्यावर नाही, याचा अर्थ शेजारी आणखी एक नळी असणार. ती कुणी उघडलेलीच नाही."

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असतात, पण नळ्या बहुतेक वेळा चार. चौथी त्या पुढच्या मुळातच लपलेली असते, इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. माझ्या दाढेत तीन नळ्या साफ करून भरलेल्या आणि चौथी जशीच्या तशी, सडलेल्या नसेसकट. वरून कॅप घालून सगळं बंद.

प्रत्यक्ष काम दोन भेटींत झालं, प्रत्येक भेट दीड तासाची. कॅप कापून काढली. नळ्यांमधलं जुनं गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणारा तो नारिंगी-गुलाबी पदार्थ, उकरून काढला. मग मायक्रोस्कोपखाली शोध. दुसऱ्या भेटीच्या शेवटी त्यांनी मला आतला फोटो दाखवला आणि तो मी अजून जपून ठेवलाय. दाढेचा पिवळट तळ, त्यावर तीन नारिंगी ठिपके, आणि पुढच्या ठिपक्यापासून टाळूच्या दिशेने गेलेली केसासारखी एक करडी रेघ. त्या रेघेच्या टोकाशी चौथा ठिपका, बाकीच्यांपेक्षा निम्म्या आकाराचा. एवढ्याशा भोकासाठी हाड पोखरलं गेलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. रबर डॅम.

पातळ रबराचा एक चौकोन असतो. त्याला भोक पाडून त्यातून फक्त उपचाराची दाढ वर काढतात, तिच्या मानेशी धातूचा छोटा चिमटा अडकवतात आणि रबर चौकटीवर ताणून बसवतात. पलीकडे तोंड, जीभ, लाळ, घसा. अलीकडे एकटी दाढ. बस्स, एवढंच. आणि हे माझ्या पहिल्या उपचारात लावलंच नव्हतं.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. गालात कापसाच्या गुंडाळ्या होत्या, त्या लाळेने भिजायच्या, मग बदलायच्या. पण एक गोष्ट पक्की आठवते. मध्येच जिभेवर ब्लीचची चव उतरली, स्विमिंग पूलच्या पाण्याचा वास येतो ना, त्याच्या दसपट. घसा चरचरला. मी हात वर केला, तर "थोडं औषध सांडलंय, चूळ भरा" असं सांगितलं आणि मी उठून चूळ भरली. उघड्या दाढेसकट. सगळ्या तोंडाची लाळ त्या नुकत्याच साफ केलेल्या नळ्यांत गेली असणार.

ते औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरगुती ब्लीचमध्ये असतं तेच. ते दाढेच्या आत हवं, घशात नको. लाळ घशात हवी, दाढेत नको. दोन्हींमधला पडदा म्हणजे हा डॅम. शिवाय नळ्या घासायच्या फाइल्स सुईसारख्या बारीक असतात, हातातून निसटली तर गिळली जाऊ शकते, श्वासनलिकेतही जाऊ शकते.

आणि ही काही काल-परवा निघालेली महागडी गोष्ट नाही. सॅनफर्ड बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1864 साली रबर डॅम वापरात आणला. एक्स-रेचा शोध 1895 चा, म्हणजे दाताचा एक्स-रे निघायच्या आधीपासून रबराचा हा तुकडा उपलब्ध आहे. 1965 साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दाढांची नस मुद्दाम उघडी पाडली. नेहमीच्या उंदरांत ती सडली, गळू झालं. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत नस जिवंत राहिली, जखमेवर नवा थरही चढला. जखम तीच, फरक फक्त जंतूंचा. म्हणजे रूट कॅनालचं सगळं काम जंतू बाहेर काढायचं आणि बाहेरच ठेवायचं. मग लाळेच्या डबक्यात बसून ते करायचं कसं? अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोंटिस्ट्सच्या मते तर डॅमशिवाय रूट कॅनाल करूच नये.

वापरताना त्रास होतो का? होतो. पहिली पाच मिनिटं मला गुदमरल्यासारखं झालं. नाक चोंदलेलं असेल तर आधीच सांगा, सगळा श्वास नाकातून घ्यायचा असतो. बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. रबराची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, लेटेक्स नसलेले डॅम मिळतात. जबडा आखडू नये म्हणून त्यांनी दातांमध्ये एक रबरी ठोकळा दिला होता, त्यावर जबडा टेकवून मी चक्क डुलकी काढली. पहिल्या उपचारात दर मिनिटाला लाळ गिळायची धास्ती होती, इथे तसं काहीच नाही.

खरं सांगायचं तर चौथी नळी सुटली याबद्दल मी पहिल्या डॉक्टरांना पूर्वी जेवढा दोष देत होते तेवढा आता देत नाही. स्पेशालिस्ट डॉक्टरांनीच सांगितलं की मायक्रोस्कोप नसेल तर ती नळी भल्याभल्यांकडून सुटते. ते मी मान्य केलं. डॅमला मात्र मायक्रोस्कोप लागत नाही. त्याबद्दल माझा राग आजही तसाच आहे.

भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून. स्पेशालिस्टना जुने एक्स-रे हवे होते, मुळाच्या टोकाशी काळी छाया, म्हणजे पोखरलेल्या हाडाची खूण, आधीपासून होती की नंतर आली हे पाहायला. मी पहिल्या दवाखान्यात मागायला गेले. आधी "उद्या या", मग "कॉम्प्युटर बदलला", शेवटी "इतके जुने ठेवत नाही". तीन हेलपाटे घातले, आवाजही चढवला, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून प्रत्येक एक्स-रेचा फोटो मी तिथल्या तिथे फोनवर घेते. उपचाराआधीचा, मध्ये फाइल घालून लांबी बघतात तो, आणि भरल्यानंतरचा. पुढच्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग यांचाच होतो.

दुखण्याबद्दल सगळे आधी विचारतात, म्हणून थोडक्यात. भूल उतरल्यावर तीन दिवस दाढ ठणकली, साध्या वेदनाशामक गोळीने भागलं. उपचार चालू असताना काहीच कळलं नाही. पण माझी दाढ वरची आणि मेलेली होती. खालची दाढ ऐन ठणक्यात असेल तर एका इंजेक्शनने कधीकधी पुरेशी बधिर होत नाही, जादा भूल द्यावी लागते. तेव्हा सहन करत पडून राहू नका, हात वर करा.

दोन महिन्यांनी मी हा अनुभव लिहिला असता तर फार कडवट लिहिला असता. पुळी गेली होती, पण घट्ट काही चावलं की दाढ जड वाटायची, बोटाने दाबली की आत कुठेतरी बारीक दुखायचं. मला वाटलं, गेले पैसे. फोन केला तर उत्तर मिळालं की हाड भरायला वेळ लागतो, सहा महिन्यांनी एक्स-रे काढू. मला ते टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं आणि मी फोनवर तसं बोलूनही दाखवलं.

सहाव्या महिन्यातला एक्स-रे मी आधीच्याशेजारी ठेवून पाहिला. आधी मुळाच्या टोकाशी जी काळी छाया होती, ती निम्म्याहून कमी झाली होती आणि तिच्या कडेने हाडाची पांढरट जाळी भरत आलेली दिसत होती. पूर्ण गेली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मोठी छाया भरायला वर्ष लागतं, काही वेळा जास्तही, आणि चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. दाबल्यावरचं दुखणं त्याच सुमारास थांबलं, नेमकं कधी ते आठवतही नाही. फोनवरच्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली.

एक तक्रार त्यांच्याबद्दलही आहे. शेवटच्या भेटीत वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि "आता कॅप करून घ्या" एवढंच म्हणाल्या. कुठे, किती दिवसांत, हे नाही. मी गृहीत धरलं होतं की कॅपही त्याच करतील. बरेच एंडोडोंटिस्ट करत नाहीत, ते काम नेहमीच्या दंतवैद्याकडे जातं, आणि या दोघांच्या मध्ये पेशंट लोंबकळतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठीच असतं. ते झिजलं, फटीतून लाळ आत गेली, की केलेलं सगळं काम धोक्यात. मी तीन आठवड्यांत दुसऱ्या दवाखान्यात जाऊन कॅप बसवली, कारण पहिल्या खेपेला मी स्वतःच पाच महिने लावले होते. दुखत नाही, मग घाई कशाला, हातात पैसे आले की करू, असं. तेव्हा सिमेंटचा एक कोपरा उडाला होता आणि मी तशीच चावत होते. त्या पाच महिन्यांत आत काय काय गेलं असेल ते आता सांगता येणार नाही, पण चौथ्या नळीइतकाच त्याचाही वाटा असू शकतो हे मला मान्य करावं लागतं. शिवाय दाढ आतून पोकळ झालेली असते. कॅपशिवाय चावताना ती उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली तर मग बहुधा काढावीच लागते.

प्रत्येक रूट कॅनालला स्पेशालिस्ट लागतो असं नाही. समोरचा दात, एक मूळ, सरळ नळी, तर अनुभवी नेहमीचे डॉक्टर उत्तम करतात. दाढ असेल, मूळ वाकडं असेल, आधीचं काम बिघडलं असेल, आत फाइल तुटून राहिली असेल, तर मात्र सुरुवातीलाच स्पेशालिस्ट गाठा. माझ्या दाढेसाठी मी दोनदा खर्च केला आणि कॅपही दोनदा केली.

मागच्या आठवड्यात बहिणीची खालची दाढ ठणकायला लागली. थंड पाणी लागलं की मिनिटभर कळ जात नाही, रात्री आडवं झालं की वाढते. तिच्यासाठी मीच फोन लावला. वेळ घेण्याआधी विचारलं, रबर डॅम लावता का? पहिल्या ठिकाणी "गरज पडली तर" असं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने "हो, प्रत्येक वेळी" असं लगेच सांगितलं. मी तिथली वेळ घेतली. बहीण उद्या जातेय, तिला एक्स-रेचे फोटो काढून आणायला सांगितलंय.