भाड्याचा सबसॉयलर: पैसे वसूल, पण चालकावर नजर ठेवा

ऊस मोडून त्या रानात बटाटा लावणार असाल तर हे वाचा. आमचं रान केज तालुक्यात, भारी काळं. उसाच्या ट्रॉल्या ओल्यात फिरलेल्या, वर दरवर्षी रोटा, म्हणजे रोटाव्हेटर. वरची माती भुसभुशीत दिसायची, पण वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, सळई खुपसली की वीतभर जाऊन अडायची. पाणी त्या टणक थरावर तुंबायचं. वरंब्याच्या बुडाशी चिखल, माथ्याला भेगा. असल्या जागी बटाटा चपटा-वाकडा निघतो, सालीवरची छिद्रं फुगून पांढरे ठिपके उठतात आणि तिथूनच सड लागते.

औजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रातून एका फाळाचा सबसॉयलर, म्हणजे खालचा टणक थर फोडणारं औजार, आणला, पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला जोडून. केंद्रवाले म्हणत होते, सोयाबीन निघाल्यावर मारू, तेव्हा मशीन मोकळं असतं. मी मे महिन्यातच मागितलं. कोरड्यात फाळाने आजूबाजूचा थर तडकतो. ओल्यात नुसती चीर पडते आणि तिच्या बाजू चोपड्या होतात.

दर एकरावर, म्हणून चालकाला घाई. दीड फूट ठरलेलं, पण फाळ फूटभरच उतरत होता. आमच्या सासूबाईंनी बांधावरून आवाज दिला, "दादा, टेप घेऊन येऊ का?" मग फाळ उतरला खाली. चार-चार फुटांवर ओळी मारल्या, त्या मात्र सरळ.

खरिपात सोयाबीन घेऊन नोव्हेंबरात कुफरी पुखराज जातीचा बटाटा लावला. सळई आता कोपरभर जाते. ठिबकचं पाणी मुरतं, त्यामुळे थोडं-थोडं, पण वेळेवर देता येतं. लागवडीनंतर महिनाभराने कंद धरायला लागतात, तेव्हा ओल तुटली तर कंद कमी धरतात आणि सालीवर खरूज वाढते. पुढे रान कोरडं पाडून एकदम पाणी सोडलं तर बटाटा तडकतो, नाहीतर त्याला गाठी फुटतात. यंदा असा माल फार थोडा निघाला. त्यातलं किती सबसॉयलरचं आणि किती ठिबकचं, हे वेगळं काढता येणार नाही.

तक्रार एकच. धुऱ्याजवळ ट्रॅक्टर वळतो ती पट्टी तशीच घट्ट राहिली. तिथे आडवा फाळ मारून मागा, स्वतःहून कोणी मारत नाही. आणि लागवडीआधी वाफसा नसताना रोटा घातलात तर केलेला खर्च मातीत.

मे महिन्यात नंबर लागत नाही, पाडव्यालाच नाव लिहून ठेवा.