फोर्टमधली सिनेमाची पायवाट: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालून पाहिल्यावर

गेल्या पावसाळ्यात फोनवर एक तयार नकाशा हाती आला. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनापासून मरीन ड्राइव्हपर्यंत जिथे जिथे सिनेमांचं शूटिंग झालंय तिथे खुणा केलेल्या, खुणेवर बोट ठेवलं की सिनेमाचं नाव, साल आणि दोन ओळींची माहिती. गाइड नाही, तिकीट नाही, आपली आपण वाट धरायची. तेव्हापासून ही वाट मी तुकड्यातुकड्याने चालतेय, बहुतेकदा रविवारी, कधी एकटी, कधी मामांना घेऊन. मामांची सगळी नोकरी फोर्टमधल्या बँकेत झाली, त्यामुळे नकाशात नसलेलं बरंच काही त्यांच्याकडून मिळालं.

माझं मत आधीच सांगते. वाट अप्रतिम आहे, नकाशा ठीक आहे. जायचं असेल तर नक्की जा, पण नकाशा म्हणतो तशा पद्धतीने जाऊ नका.

कारण असं की खुणा नट जिथे उभा होता तिथे केलेल्या आहेत, कॅमेरा होता तिथे नाहीत. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण सगळा अनुभव त्यावरच ठरतो. पडद्यावर आपण जे पाहिलं ते कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहिलं. नटाच्या जागी जाऊन उभं राहिलं तर समोर दिसतं ते आपण कधी पाहिलेलंच नसतं आणि माणूस हिरमुसतो. सीएसएमटीचंच घ्या. ‘स्लमडॉग मिलिअनेर’चं शेवटचं गाणं तिथल्या फलाटावर चित्रित झालंय. नकाशातली खूण मात्र इमारतीच्या दर्शनी भागावर आहे. लोक रस्त्यापलीकडून घुमटाचा फोटो काढतात, खूण पाहिल्याचं समाधान मानतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत जा, गर्दी ओसरलेल्या वेळी फलाटाच्या टोकाशी उभे राहा आणि लांबवर पाहा. खांबांच्या रांगा, थांबलेले डबे, आणि गाण्याला तो लांबवर जाण्याचा भास कुठून मिळाला ते आपोआप कळतं. मोठा कॅमेरा मात्र बाहेर काढू नका, स्टेशनात त्याला परवानगी लागते.

या वाटेचा खरा गाभा म्हणजे ओव्हल मैदान ते मरीन ड्राइव्ह हा पट्टा, आणि तोही ‘मंझिल’मधल्या ‘रिमझिम गिरे सावन’साठी. सिनेमा 1979चा, दिग्दर्शक बासू चटर्जी, कॅमेरा के. के. महाजन यांचा. गाणं सिनेमात दोनदा येतं: किशोरकुमारच्या आवाजात घरातल्या मैफिलीत, आणि लताबाईंच्या आवाजात बाहेर, खऱ्याखुऱ्या मुंबईच्या पावसात. सूट घातलेले अमिताभ बच्चन आणि साडीतल्या मौसमी चटर्जी भिजत चालतात, पळतात, पुन्हा चालतात. नृत्य नाही, सेट नाही. महाजन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले, ‘भुवन शोम’सारख्या सिनेमांतून बाहेरच्या उजेडात काम करण्यात तयार झालेले. हे मला इथे चालताना पटलं. ढगाळ दिवशी ओव्हलवर सावल्याच पडत नाहीत. पूर्वेकडचं हायकोर्ट, राजाबाई टॉवर आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती, दोन्ही बाजूंवर सारखाच राखाडी उजेड असतो. त्यामुळे कॅमेरा कुठेही वळवला तरी चालतो. उन्हाळ्यात हेच मैदान दोन मैदानं होतं: सकाळी आर्ट डेको इमारती उजळतात, राजाबाई टॉवरला ऊन लागायला दुपार उलटावी लागते. म्हणून सांगते, ही खूण पावसातच पाहा. ऑक्टोबरच्या उन्हात मी तिथे गेले होते, तेव्हा गाणं आणि जागा यांचं नातंच जुळेना.

माझी पद्धत अशी. घरी गाणं दोनदा नीट पाहायचं, एक चौकट (फ्रेम) थांबवून तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा. मैदानावर पोचल्यावर फोन डोळ्यांसमोर धरायचा आणि चौकटीतली इमारतींची रेघ समोरच्या रेघेवर बसेपर्यंत मागेपुढे सरकायचं. झाडं वाढलीत, त्यांच्यावर विसंबू नका, इमारतींच्या कडा धरा. मरीन ड्राइव्हला हे सोपं जातं, कारण किनाऱ्याचं वळण तेच आहे. एका ठिकाणी दोन पावलं डावीकडे सरकले आणि चौकट अशी चपखल बसली की मी तिथेच उभी राहिले. मामा फोनमध्ये डोकावले आणि म्हणाले, “अगं थांब, पुढे नको नेऊ. ती दुमजली बघू दे. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळावी म्हणून आम्ही एक बस सोडून द्यायचो.” त्या जुन्या डबलडेकर 2023च्या सप्टेंबरात कायमच्या बंद झाल्या. आता सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी ए-115 ही नवी वातानुकूलित दुमजली धावते. पाय दुखायला लागले की परतीला तीच घ्या, वरून हा सगळा भाग पुन्हा एकदा बघता येतो. 2023च्याच पावसाळ्यात एका ज्येष्ठ मराठी जोडप्याने हे गाणं त्याच जागांवर जाऊन जसंच्या तसं चित्रित केलं होतं. तो व्हिडिओ मिळाला तर अवश्य पाहा. कॅमेऱ्याच्या जागा शोधायला नकाशापेक्षा त्याचाच मला जास्त उपयोग झाला.

एक गोष्ट काळजीची. मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. लाटा साडेचार मीटरच्या वर जाणार असतील त्या दिवशी कठड्याजवळ जाऊ नका, गाण्यासाठी तर मुळीच नाही.

बासुदांचे बाकीचे सिनेमेही या वाटेवर भेटतात. ‘रजनीगंधा’तलं टॅक्सीतलं गाणं चालून बघायचं नाहीच, त्यासाठी टॅक्सीच करावी, खिडकीशी बसावं. ‘छोटी सी बात’साठी मात्र जहांगीर कलादालनापाशी थांबा. सिनेमात दिसणारं तिथलं समोवार कॅफे 2015 साली बंद झालं. नकाशात अजून ‘इथे कॉफी घ्या’ असं लिहिलेलं आहे आणि त्यावर विसंबून आलेली मंडळी दालनात चौकशी करताना मी पाहिली आहेत. मला या जागेचं अप्रूप आणखी एका कारणाने आहे. या सिनेमाचे नायक अमोल पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, आणि जे. जे. सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ते बँकेत नोकरीला होते. बसच्या रांगेत उभा राहणारा तो लाजरा कारकून त्यांना जवळून माहीत होता, आणि फोर्टचे हे रस्तेही.

आता नकाशाची सगळ्यात मोठी उणीव. जहांगीरपासून चार पावलांवर काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत आहे, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली, एक रुपया तिकीट लावून. नकाशात ही जागा नाही, कारण त्यात खुणा फक्त शूटिंगच्या जागांच्या आहेत. पण तो खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, ज्यांना सगळे सावे दादा म्हणत. त्यांचा फोटोग्राफीचा धंदा होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. 1901मध्ये केंब्रिजहून रँग्लर (गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण) होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण चौपाटीवर केलं. म्हणजे या शहरात कॅमेरा आला तो थेट मोकळ्या हवेतच. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तो 3 मे 1913ला, बऱ्याच नंतर. शूटिंगच्या जागांची वाट सावे दादांच्या नावाशिवाय सुरूच कशी होते, हे मला समजत नाही. इमारतीची अवस्था वाईट आहे, रहिवाशांना बाहेर काढून काही वर्षं झाली. पदपथावरून बघा, पण थांबून बघा. ओतीव लोखंडाचा तो सांगाडा इंग्लंडातून आणून इथे जोडला होता.

हुतात्मा चौकाची खूण ‘सी.आय.डी.’ची आहे, 1956चा, जॉनी वॉकर व्हिक्टोरियात (घोडागाडीत) बसून मुंबईचं वर्णन करतात त्या गाण्यासाठी. गाण्यात ट्राम येते, गिरणी येते. ट्राम 1964च्या मार्चअखेरीस बंद झाली. याच चौकातल्या फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी तिचे जुने रूळ जमिनीखाली सापडले. नकाशातल्या दोन ओळी तेवढ्यावर थांबतात. मराठी माणसाने तिथे थांबू नये. सिनेमा आला त्याच्या आदल्या वर्षी, 21 नोव्हेंबर 1955ला, याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. गाण्यातली मुंबई आणि गोळीबाराची मुंबई यांच्यात काही महिन्यांचंच अंतर आहे. मामा तिथे चप्पल काढून स्मारकाला हात जोडतात, दर वेळी, आणि मग पुढे चालू लागतात.

एशियाटिक सोसायटीच्या (जुन्या टाउन हॉलच्या) पायऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. हिंदी सिनेमाने त्या कितीदा तरी कोर्टाच्या पायऱ्या म्हणून दाखवल्यात, आणि रस्त्यापलीकडे जाऊन खालून पाहिलं की ते का, हे लगेच कळतं. बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी करा, रस्ते मोकळे असतात. जाहिरातवालेही तेव्हाच येतात, शूटिंग चालू असेल तर वळसा पडतो. पोटपूजेसाठी धोबीतलावला क्यानी, बनमस्का आणि चहा.

नकाशात मराठी सिनेमा एकही नाही, हे मला फार लागलं. ‘डोंबिवली फास्ट’ (2005) तरी असायलाच हवा. रोज लोकलने येणारा-जाणारा बँकेतला माधव आपटे या भागाचा नाही तर कोणाचा? मी स्वतः डोंबिवलीहून त्याच गाडीने येते. नकाशाच्या मालकांना मी हे कळवलंय, वॉटसनचंही. उत्तर आलेलं नाही.

चालायला मधले थांबे धरून तीन तास तरी हातात ठेवा. मध्यंतरी भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि बरीच सोय झाली. पावसाळ्यात बॅरिकेडला वळसे घालत चालावं लागलं होतं, आता हुतात्मा चौक स्टेशनातून वर आलं की आपण वाटेच्या मधोमध असतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिथूनच सुरुवात करा: काळा घोडा, ओव्हल, मरीन ड्राइव्ह. सीएसएमटी आणि बॅलार्ड इस्टेट वेगळ्या दिवशी. नकाशा सगळं एका दमात करायला सांगतो, पण तसं केलं तर शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची जागा शोधण्याइतका उत्साह उरत नाही, आणि मरीन ड्राइव्ह नेमकं शेवटीच येतं.