ओबी डंपची माती तपासायची असेल तर या लॅबकडे द्या

आमचं काम वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या कोळसा खाणींच्या ओबी डंपवर, म्हणजे कोळशावरचा दगड-माती (ओव्हरबर्डन) काढून रचलेल्या ढिगांवर, झाडं जगवण्याचं. शेतातली माती तपासणाऱ्या लॅब गल्लोगल्ली आहेत. डंपची माती ओळखणारी मला ही एकच भेटली, म्हणून सविस्तर लिहितोय.

नमुना द्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी पहिल्यांदा विचारलं, "माथ्यावरची, उताराची की पायथ्याची? मिसळू नका, वेगवेगळी आणा." शेतासाठी अर्धा किलो पुरते, इथे प्रत्येक ठिकाणची चार किलो मागितली. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर आमच्या उताराच्या नमुन्यातला 58 टक्के दगडच राहिला. तपासणी होते ती खाली पडलेल्या बारीक मातीची, त्यामुळे दगड हिशेबात धरला नाही तर खताची मात्रा साफ चुकते. या लॅबच्या अहवालात दगडाचा आकडा पहिल्याच ओळीत असतो.

खरी कमाल सेंद्रिय कर्बाची. आमच्याकडच्या कापसाच्या रानात तो अर्धा टक्का असला तरी पुष्कळ, आणि डंपच्या मातीत निघाला 2.1! आधीच्या एका लॅबने तेवढ्यावर 'भरपूर' असा शेरा मारून नत्र कमी करायला सांगितलं होतं. इथल्या सरांनी चिमूटभर माती भिंगाखाली दाखवली: काळे, चकचकीत कण. कोळशाची भुकटी! नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत तिचाही काही भाग कर्ब म्हणून मोजला जातो, पण झाडाला त्यातून काही मिळत नाही. त्यांनी उपलब्ध नत्र वेगळं मोजलं. हेक्टरी 280 किलोच्या खाली म्हणजे कमी, आमचं शंभरही भरलं नाही.

पायथ्याच्या काळ्या शेलचा (थराथरांच्या खडकाचा) सामू (pH) पाण्यात 6.4 होता. हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर फेस आला, भांडं गरम झालं आणि सामू 3.1 वर उतरला. म्हणजे आत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) आहे, हवा-पाणी लागेल तसं आम्ल होत राहणार. मग गंधक मोजून चुन्याचा हिशेब दिला: पायराइटचं गंधक एक टक्का असेल तर टनभर मातीला सुमारे 31 किलो शुद्ध चुनखडी. आजचा सामू बघून चुना टाकला असता तर दोन पावसाळ्यांत रोपं गेली असती.

सुधारणेसाठी शेणखत, साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) आणि करंज-शिसमाच्या मुळांना रायझोबियम (हवेतलं नत्र मुळांना देणारे जिवाणू) सुचवलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर प्रेसमड आणि जिवाणूखतं वापरूनच झाडं उभी केली, त्यामुळे हा सल्ला हवेतला नाही. औष्णिक केंद्राची राख फुकट मिळते म्हणून ती टाकायचा आमचा विचार होता. आधी तिच्यातलं बोरॉन आणि क्षार तपासून घ्या, असं त्यांनी बजावलं. हे सांगितल्याचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. अहवाल सगळा इंग्रजीत, आमच्या मुकादमाला एक ओळ वाचता येत नाही. मात्रा हेक्टरी देतात; आम्ही खड्डे भरतो, आम्हाला खड्ड्यागणिक हवी. पेरॉक्साइडच्या चाचणीचे पैसे वेगळे पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर अहवाल फार लांबतो. रोपं जूनमध्ये लावायची असतील तर नमुना होळीच्या आसपासच नेऊन द्या आणि दगडासकट द्या, घरी चाळून नेऊ नका.