जाळी-टब निर्जंतुक करायची गुलाबी पावडर : हिवाळा ते पावसाळा वापरून

निफाडकडं आमची दोन शेततळी, रोहू, कटला आणि थोडा सायप्रिनस (कॉमन कार्प). गेल्या वर्षी मासळीच्या अंगावर लाल चट्टे, शेपट्या झडलेल्या, तपासणीत एरोमोनास नावाचा जिवाणू निघाला. खाद्यातून औषध दिलं की तेवढ्यापुरतं थांबतं, पण तेच ओढजाळं एका तळ्यातनं काढून ओलंच दुसऱ्यात टाकलं की रोग सोबत जातो, म्हणून ही पोटॅशियम मोनोपरसल्फेटवाली पावडर आणली.

प्रमाण एक टक्का, म्हणजे 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम, आणि 10 मिनिटं बुडवून ठेवायचं. गार पाण्यात कुठलंही जंतुनाशक हळू चालतं, त्यामुळं निफाडच्या थंडीत आम्ही अर्धा तास ठेवतो. गुलाबी रंग फिका पडला की ते पाणी बाद. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. जाळ्याच्या खालच्या दोरीला जिथं शिसं बांधलेलं असतं तिथली घडी अंगठ्यानं उघडून बघा, आत चिखल, शेवाळ आणि खवले चिकटलेले असतात, ते ब्रशनं घासून काढलं नाही तर पावडर त्या घाणीवरच खर्ची पडते आणि बुळबुळीत थराखालचे जिवाणू जिवंत राहतात. नंतर स्वच्छ पाण्यानं धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवायचं, हे पण तितकंच महत्त्वाचं.

ब्लिचिंग स्वस्त आहे, प्लॅस्टिकच्या टबांना अजूनही तेच वापरतो, पण नायलॉनचं जाळं त्यानं कमजोर होतं आणि उघडी पिशवी दमट हवेत पार उतरून जाते. ही पावडर मात्र महाग पडते, लोखंडाला गंज आणते, नाकात गेली तर झोंबते, मास्क लावाच. आणि दोन्ही एकत्र कधीच करू नका, क्लोरीन वायू निघतो!

यंदा पावसाळ्यात एका तळ्यात चट्टे परत दिसले, दुसऱ्यात नाही गेले. सगळं श्रेय पावडरीला देणार नाही, कारण आता दोन्ही तळ्यांची जाळी आणि बादल्या पण वेगळ्या ठेवल्यात.

आपल्याकडं घरोघरी द्राक्षाचा फवारणी पंप असतो, टब-क्रेटवर मारायला तोच घ्यावासा वाटतो, पण घेऊ नका, टाकीत कीटकनाशकाचा अंश राहतो आणि मासळी मरायला तेवढा पुरतो. यासाठी छोटा हातपंप वेगळा घ्या, आणि वापरलेलं पाणी तळ्यात किंवा पाटात ओतू नका.